सगळ्यांच्या आधी पोचणारी अन्साक्का

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला खिडकीतून एक बाई दाखवली. उंच, काटक, पदर कपाळापर्यंत ओढलेला, पायात चपला नाहीत. म्हणाल्या, ही अन्साक्का, ही हळू चालत असली तर काळजी नाही, घाईत दिसली की समजायचं गल्लीत कुणीतरी गेलं. एवढं सांगून त्या शेंगदाणे भाजायला गेल्या. मी नवी नवरी, हातावरची मेंदी अजून उतरलेली नव्हती, आणि शेजारणीची पहिली ओळख ही अशी. मला त्या दोघींचाही राग आला.

पुढे कळलं की सासूबाईंनी काही वावगं सांगितलं नव्हतं. अनसूयाबाई हे नाव रेशनकार्डावर असेल तेवढंच, गल्लीला ती अन्साक्काच होती, आणि गल्लीतल्या प्रत्येक मयताला ती सगळ्यांच्या आधी पोचायची. डॉक्टरही कधीकधी तिच्या मागून आले आहेत. तिच्या घरात मागच्या खोलीत एका वेगळ्या खिळ्यावर राखाडी रंगाचं, धुऊन धुऊन विटलेलं एक लुगडं टांगलेलं असे. ते लुगडं फक्त या कामाचं. गल्लीतली पोरं जाता-येता खिडकीतून डोकावून बघायची, आणि खिळा रिकामा दिसला की घरी पळत जाऊन सांगायची.

मयताच्या घरात शिरली की ती आधी मढ्याकडे बघत नसे. ती आधी चुलीकडे जायची. दूध उतू जात असेल तर उतरवायची, भात लागत असेल तर स्टोव्ह बंद करायची. मग लहान पोरं गोळा करून शेजारी पाठवायची, त्यांना खायला घालायला सांगून. मग घरच्या बाईच्या कमरेच्या किल्ल्या काढून एखाद्या शहाण्या नणंदेच्या हाती द्यायची. हे सगळं झालं की त्या बाईजवळ येऊन बसायची. तोवर बाकीच्या बायका दारात घुटमळत असायच्या, कुणी आधी आत जायचं म्हणून एकमेकींना कोपराने ढोसत.

आमच्या समोरचे शिंपी, म्हणजे मंदाबाईंचे यजमान, दुकानातच गेले, तेव्हा मी तिला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. काम हाच शब्द मला सुचतो. मंदाबाई नुसत्या बसून होत्या, डोळ्यांत टिपूस नाही. बायका म्हणू लागल्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. कुणी गदागदा हलवत होतं, कुणी मोठ्याने गळा काढत होतं. अक्काने सगळ्यांना मागे सारलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सकायले काय खादं त्यासनी?" मंदाबाई म्हणाल्या, शेवभाजी मागत होते, मी म्हटलं संध्याकाळी करते. एवढं म्हणाल्या आणि कोसळल्या. अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, दुपार कलेपर्यंत.

खोटं रडणं तिला खपत नसे. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याची बायको निवडणुकीच्या वर्षी प्रत्येक मयताला येऊन हेल काढायची. तिला अक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "आवाज चांगला शे बाई, पन डोया कोरडा शेत." त्या बाई पुन्हा गल्लीत आल्या नाहीत, आणि त्यांच्या यजमानांना आमच्या गल्लीतून मतंही फारशी पडली नाहीत.

लग्नकार्यात मात्र ती शोधून सापडायची नाही. आदल्या दिवशी गहू निवडायला, मसाला कुटायला येई, आणि पाहुणे यायच्या आत मागच्या दाराने निघून जाई. मी शाळेत शिकवणारी, मला हे असलं पटत नसे. मी तिला एकदा चांगलं फैलावर घेतलं की विधवेने मांडवात यायचं नाही हे कोणत्या पोथीत लिहिलंय. ती हसली. म्हणाली, "तू मास्तरीन शेस, तुनं खरं व्हई. पन सुखले आवतन लागस माय, दुखले नही." म्हणजे आनंदाच्या घरी बोलावल्याशिवाय जायचं नसतं, आणि दुःखाच्या घरी बोलावण्याची वाट बघायची नसते. तिच्या सगळ्या जगण्याचा कायदा एवढाच होता. तो तिला कुठून मिळाला हे ती सांगत नसे. सासूबाईंकडून कळलं ते एवढंच की तिचा नवरा एसटीवर ड्रायव्हर होता, नरडाण्याच्या थांब्यावर गाडी उभी केली आणि जागीच गेला. निरोप आला तेव्हा सगळी गल्ली तिच्या दारासमोर जमली, पण काय बोलावं ते कुणाला सुचेना. सोनगीरहून तिचा भाऊ येईपर्यंत ती घरात एकटी बसून होती.

शहाऐंशी साली पावसाळा संपता संपता गल्लीच्या टोकाच्या बंगल्यात डेन्मार्कचं एक कुटुंब राहायला आलं. औद्योगिक वसाहतीत एक नवा कारखाना उभा राहत होता, तिथली यंत्रं बसवायला कंपनीने त्या साहेबांना दोन वर्षांसाठी धाडलं होतं. डेन्मार्क कुठे ते मी शाळेच्या नकाशावर शोधून सासूबाईंना दाखवलं. नखाएवढा देश बघून त्यांना त्या माणसांची दयाच आली. साहेबांचं नाव निल्स, गल्लीने लगेच निळूभाऊ करून टाकलं. बाईंचं नाव मार्ता. सहा वर्षांची सोफी नावाची मुलगी, केस मक्याच्या कणसासारखे. सुरुवातीचे काही दिवस गल्लीतली सगळी कामं त्या बंगल्यावरूनच व्हायला लागली, ज्यांचा रस्ता उलट्या बाजूला होता त्यांचीसुद्धा.

अक्काने मार्ताबाईंना पहिल्यांदा कपडे वाळत घालताना पाहिलं. साहेबाची बायको असून स्वतः पिळे पिळते म्हटल्यावर ती पसंत पडली. मग थंडी सुरू झाली. आमच्याकडे थंडी म्हणजे भरीत. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मिरच्या ठेचायच्या, पातीचा कांदा घालायचा. अक्काने एका वाडग्यात भरीत आणि वर कळण्याची भाकरी घालून मागच्या दाराने बंगल्यावर नेली. मार्ताबाईंनी ओट्यावर उभ्या उभ्या खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद, आणि वाडगा पुन्हा पुढे केलेला. अक्का परत येऊन म्हणाली, बाई खाणारी आहे, टिकेल. त्यानंतर दोघींचं चांगलंच जमलं. ही अहिराणीत बोलायची, ती डॅनिशमध्ये, समजलं नाही की दोघी आवाज चढवायच्या. मध्ये इंग्रजी लागतं असं दोघींनाही कधी वाटलं नाही, त्यामुळे माझ्या इंग्रजीला तिथे काही काम नव्हतं.

डिसेंबरातली चोवीस तारीख. मी शाळेतून आले तर नळावर बायका गोळा झालेल्या, मध्ये अक्का. बंगल्यावर भांडी घासणारी कमल सांगत होती. बाई सकाळी तार ऑफिसात फोन लावायला गेल्या होत्या, माहेरी. रिक्षातून उतरल्या तेव्हा तोंड सुजलेलं. कुणाशी न बोलता आतल्या खोलीत जाऊन पडल्या. साहेब कारखान्यात गेलेच नाहीत. दुपारी घरात काही शिजलं नाही. मग साहेबांनी पुढच्या खोलीतला सोफा, टेबल, खुर्च्या सगळं मागच्या पडवीत नेऊन ठेवलं, फरशी पुसून घेतली, आणि कमलला सांगितलं की उद्या येऊ नको.

पुढची खोली रिकामी केली हे ऐकून बायकांनी कळश्या खाली ठेवल्या. आमच्याकडे पुढची खोली रिकामी करतात ती एकाच कारणासाठी.

अक्का स्वतः जाऊन लांबून बघून आली होती. दारावर पानांचं एक मोठं गोल चक्र टांगलेलं, त्यात पांढरी शेवंती खोवलेली. असं चक्र आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, मोठी माणसं गेली की त्यांच्या पायाशी वाहतात ते. खिडकीत भर दिवसा एक मेणबत्ती जळत होती. मुलीला पांढरा झगा घातला होता. अक्का बोटांवर मोजत म्हणाली, "चुल्हा बंद शे. दिवा लायेल शे. खोली रिकामी करेल शे. तिनी माय व्हई. तिलेच फोन कराले गयथी."

कुणीतरी मला विचारलं की या लोकांचा तो नाताळ असतो ना, तो कधी. मी म्हटलं, उद्या, पंचवीसला, आम्हाला शाळेला सुट्टी आहे. मास्तरणीने सांगितल्यावर मग काही शंका उरली नाही. सणाच्या आदल्या दिवशी असं व्हावं म्हणून अक्काने चुकचुक केली, घरी जाऊन ते लुगडं नेसली, पिठलं-भाकरी केली आणि डबा पदराखाली घेऊन निघाली. मागोमाग आम्ही सात-आठ जणी, डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालून. मढं साता समुद्रापलीकडे असलं तरी रडायला बाई इथे एकटी आहे, हे अक्का वाटेत सांगत होती. परक्या मुलखात तिला धरायला कोण आहे, असं म्हणताना तिचा आवाज आधीच भरून आला होता.

दिवस मावळला होता. बंगल्याचं दार लोटलेलं. आतून गाण्यासारखं काहीतरी येत होतं, संथ, खालच्या आवाजातलं. आम्हाला ते रडण्यासारखंच वाटलं. अक्काने दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच गळा काढला, "ओ मनी बाय वं, तुनी माय गयी वं." मागून आम्ही सगळ्यांनी सूर धरला. खोलीत अंधार, नुसत्या मेणबत्त्या. अक्का नीट मार्ताबाईंकडे गेली, त्यांच्या गळ्यात हात टाकले, कपाळाला कपाळ लावलं आणि हेल काढून रडू लागली. बाई क्षणभर ताठ उभ्या राहिल्या. मग त्याही रडायला लागल्या. अगदी हुंदके देऊन, खांदे हलवून, लहान मुलीसारख्या. माझ्या शेजारच्या बाईने मला हळूच सांगितलं की बरं झालं, मोकळी झाली.

मी मान वर केली ती त्या वेळी. खोलीच्या मधोमध सुरूच्या झाडाची फांदी उभी होती, लाल कागद गुंडाळलेल्या बादलीत. तिच्यावर कागदाची हृदयं, शेंड्याला चांदणी, फांद्यांना छोट्या मेणबत्त्या. खाली रंगीत कागदात बांधलेली पुडकी. निल्ससाहेबांच्या एका हातात गाण्याचं पुस्तक, दुसऱ्या हाताला सोफी. पोर घाबरून बापाच्या विजारीला चिकटली होती. सगळी खोली रिकामी केली होती ती हात धरून त्या झाडाभोवती फिरायला.

साहेबांनी मला इंग्रजीत, फार अदबीने विचारलं की गल्लीत कुणाचं काही वाईट झालं आहे का, आम्ही काही मदत करू शकतो का. बिचाऱ्यांना वाटलं, आम्ही आमचं दुःख घेऊन त्यांच्याकडे आलो आहोत. मी विचारलं, तुमच्या घरात काही झालं नाही ना. ते म्हणाले, नाही, आज आमचा ख्रिसमस आहे, आमच्या देशात तो आदल्या संध्याकाळीच असतो, आणि घर सोडून आल्यावरचा हा पहिलाच. दारावरचं चक्र, खिडकीतली मेणबत्ती, सगळं त्याचंच.

मी शेजारणीच्या कानात सांगितलं, तिने पुढचीच्या. एकेक आवाज बंद होत गेला. शेवटी अक्काचा एकटीचा राहिला. सबंध खोलीत तो एकच आवाज, आणि बाकी सगळ्या जणी तिच्याकडे बघताहेत. मी जवळ जाऊन म्हटलं, "अक्का, त्यासना सण शे."

"आज?"

"आज."

तिने झाडाकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे. मग स्वतःच्या अंगावरच्या लुगड्याकडे. मार्ताबाईंच्या गळ्यातले हात तिने काढून घेतले आणि आधी कोपऱ्यात ठेवलेला पिठल्याचा डबा उचलून पदराखाली लपवला, कारण सणाच्या घरात मयताचं अन्न राहता कामा नये. मार्ताबाईंनी तिचा पदर धरून ठेवला होता. "बस, बस," एवढं त्यांना मराठी येत होतं ते त्या म्हणत होत्या. अक्काने त्यांची बोटं हलक्या हाताने सोडवली आणि मान वर न करता बाहेर पडली. जाताना उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून केवढं जपून ओलांडला तिने. येताना तिने उंबरा पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मागच्या दाराशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सनना दिन सनना घरमा मी रांडमुंड बाई रडी उनू. त्या पोरले काही व्हयनं ते?" मी तिला पुष्कळ समजावलं. त्यांच्यात असलं काही मानत नाहीत, त्यांना उलट बरंच वाटलं असेल, मार्ताबाई तुला बस म्हणत होत्या. तिने ऐकून घेतलं आणि मीठ-मोहरी-मिरच्यांची पुडी माझ्या हातात दिली. मी जावं आणि सोफीवरून उतरवून टाकावं. मी गेले, उतरवली. मार्ताबाईंना वाटलं हा आमच्याकडचा नाताळचा आशीर्वाद, त्यांनी मला तीन वेळा करायला लावलं आणि ताटभर बिस्किटं दिली. तसंच एक ताट घेऊन त्या अक्काच्या दाराशीही गेल्या. अक्काने दार उघडलं नाही.

गल्लीला मात्र आयतं खेळणं मिळालं. दूधवाल्यापासून वाण्यापर्यंत सगळ्यांनी ती गोष्ट ऐकली आणि वाढवून सांगितली. पोरं संध्याकाळी खेळ खेळायची, एक झाड व्हायचं, दोघं नाचायची आणि एक पदर घेऊन "माय वं" करत आत शिरायचं. ज्या बायकांनी त्या दिवशी सर्वांत मोठा गळा काढला होता, त्या आता सांगत होत्या की आम्हाला आधीच शंका होती, पण अक्काने नेलं. अक्काने नेलं, हेच सगळ्यांच्या तोंडी. मंदाबाईसुद्धा नळावर हातवारे करकरून सांगत होत्या आणि हसता हसता त्यांची कळशी भरून वाहत होती. त्यांचं डोकं दुपारभर कुणाच्या मांडीवर होतं हे मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. त्या दिवशी मला माझ्या गल्लीची लाज वाटली.

अक्का बाहेर निघेनाशी झाली. किराणा गल्लीतल्या एखाद्या पोराकडून आणवायची. जानेवारी संपता संपता कोपऱ्यावरचे म्हातारे तात्या गेले. बायका दारात जमल्या आणि सवयीने रस्त्याकडे बघू लागल्या. घरात दूध करपल्याचा वास सुटला तरी कुणी आत जाईना. तात्यांची नातवंडं दुपारपर्यंत उपाशी, अंगणात मातीत खेळत होती. मी तणतणत अक्काकडे गेले. ती सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. म्हटलं, चला, तिथे सगळं अडलंय. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मी उनू ते लोके हासतीन. मयतना घरमा लोके हासाले नको." ती म्हणत होती ते खरं होतं. तिच्याबरोबर हसू त्या घरात शिरलं असतं.

होळीच्या आसपास बंगल्यावर तार आली. मार्ताबाईंची आई गेली. या खेपेला खरोखरच.

ही बातमी कमलने नळावर सांगितली तेव्हा मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की फाटकाशी कुणी डोकरी उभी आहे. अक्का होती, उन्हात, अनवाणी. एवढ्या वर्षांत ती शाळेकडे कधी फिरकली नव्हती. तिने माझं मनगट धरलं. "मी रडनू म्हनीसन गयी का वं ती?" मी म्हटलं, अक्का, असं नसतं, म्हातारी आजारी असेल, वय झालं असेल. ती ऐकत होती पण तिच्यात काही शिरत नव्हतं. घंटा झाली, मला वर्गावर जावं लागलं. वर्गाच्या खिडकीतून ती बराच वेळ फाटकाशी दिसत होती.

त्या बंगल्यावर दोन दिवस कुणी गेलं नाही. कुणीतरी म्हणालंही, जायचं आणि पुन्हा त्यांचा काही सण निघायचा. यावर बायका हसल्या. खरं तर प्रत्येकीला जायचं होतं, पण पुढे व्हायला कुणी नव्हतं. डेन्मार्कला जायची तिकिटं, साहेबांची सुट्टी असं काही जुळलं नाही आणि तोवर तिकडे दफनही उरकलं होतं, त्यामुळे मार्ताबाई इथेच होत्या, दार लावून.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. भर दुपारी मार्ताबाई एकट्या गल्लीतून चालत आल्या आणि अक्काच्या ओट्यावर बसल्या. दार बंद. त्यांनी ते थापटलं नाही की हाका मारल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. मी बघितलं आणि गेले. माझा आवाज ऐकून अक्काने दार उघडलं, समोर मार्ताबाईंना पाहिलं आणि खाली वाकून त्यांचे पायच धरले. वयाने आईएवढी बाई. "माले माफ कर माय, मनी चूक शे, माले माफ कर."

मार्ताबाईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. ही काय म्हणते, विचारलं. पहिल्यांदाच त्या दोघींना माझं इंग्रजी लागलं. मी सांगितलं की ही म्हणते, हिने तुमच्या सणाच्या दिवशी तुमच्या घरात गळा काढला म्हणून तुमची आई गेली.

मार्ताबाईही खाली फरशीवर बसल्या आणि मला म्हणाल्या की हिला सांग. त्या दिवशी सकाळी फोनवर आईला एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. भावाने फोन घेतला आणि सांगितलं, फार दिवस नाहीत. मला तेव्हाच रडायचं होतं, पण सोफीचा सण होता, इथला पहिला, म्हणून मी तोंड धुतलं आणि गाणं म्हणायला उभी राहिले. हिने येऊन मला धरलं तेव्हा मी माझ्या आईसाठीच रडले. हिला कसं कळलं ते मला तेव्हापासून कळत नाही.

मी ते सगळं अक्काला अहिराणीत सांगितलं, काही न गाळता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "काय नाव व्हतं तिनं?" मार्ताबाई म्हणाल्या, एल्सा. अक्काने ते नाव दोन-तीनदा जिभेवर बसवून घेतलं. मग मार्ताबाईंना जवळ ओढलं आणि त्या नावाने रडली. दोघी रडल्या. आजूबाजूच्या खिडक्यांतून डोकी दिसत होती. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मला वाटलं, संपलं. अक्का पुन्हा पहिल्यासारखी होईल. पण मी सांगितलेलं तिने माझ्या समाधानासाठी ऐकून घेतलं होतं, एवढंच. निल्ससाहेबांचं काम संपलं, ते लोक गेले, मार्ताबाईंचं एखादं कार्ड यायचं ते मी अक्काला वाचून दाखवायची. ती हळूहळू मयताला जाऊ लागली. जायची मात्र वेगळ्याच तऱ्हेने. पोचायची अजूनही सगळ्यांच्या आधी, पण दारासमोर रस्त्यातच थांबायची. कुणी मझार ये, म्हणजे आत ये, म्हटलं तर जायची. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात या म्हणायचं भान कुणाला असतं? कित्येकदा ती उभी राहून, मागून आलेल्या बायका आत जाताना बघून, तशीच परत गेली आहे. मी यावरून तिच्याशी भांडले, चिडले. ती म्हणायची, "खात्री नको का करी लेवाले?"

चौऱ्याण्णव साली माझ्या सासूबाई सकाळी अंघोळीला उठल्या त्या न्हाणीतच गेल्या. त्यांना पुढच्या खोलीत आणून निजवलं. मी त्यांच्या उशाशी बसले. दहा वर्षं आम्ही दोघी एका ओट्यावर भांडलो होतो, आणि मला रडू येत नव्हतं. स्वयंपाकघरात स्टोव्ह भणाणत होता तो मला ऐकू येत होता, पण उठवत नव्हतं. बायका येऊ लागल्या. कुणीतरी मला हलवत होतं, कुणी कानाशी गळा काढत होतं.

खिडकीतून समोरचा निंब दिसत होता. त्याच्याखाली अक्का उभी होती, त्या राखाडी लुगड्यात, आता पाठीतून वाकलेली. बहुतेक केव्हाची आली असावी. येणारी-जाणारी माणसं तिच्या अंगावरून आत येत होती आणि ती पदराचं टोक हातात धरून माझ्या दाराकडे बघत होती, कुणीतरी हाक मारेल म्हणून. तिला कुणी हाक मारली नाही.

मी उठले. सासूबाईंना तसंच सोडून, बायका काय म्हणतात ते न ऐकता, पायऱ्या उतरून रस्त्यात गेले आणि तिचा हात धरला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. शाळेतली मुलं चुकल्यावर बघतात तसं.

"मी मझार येऊ का?"

सकाळपासून अडलेलं माझं रडू तिथे रस्त्यातच फुटलं. अक्काने मला छातीशी धरलं. ती मला थोपटत होती, आणि थोपटता थोपटता माझ्या खांद्यावरून गल्लीभर नजर फिरवत होती, कुणी हसतंय का ते बघायला.